पलटणीतलं बोचकं

४ जानेवारी

ताई,

अक्षर एवढं मोठं बघून दचकू नकोस. मीच लिहितोय, दुकानाची पाटी रंगवणारा नाही. जाड पेन आणि एका पानावर सात ओळी, याहून बारीक लिहिलं तर माझं मलाच वाचता येत नाही. फोन केला असता, पण तुला फोनवरचं ऐकू येत नाही आणि मला दिसत नाही. दोघं मिळून एक धड माणूस होतो, तो पत्रातच.

डावा डोळा गेल्या वर्षी गेला. उजव्याच्या मधोमध एक डाग बसलाय आणि तो पसरतोय. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बारीक काम एप्रिलपर्यंत करून घ्या, पुढचं मी सांगू शकत नाही. मी रडत बसलेलो नाही, तूही बसू नकोस. चाळीस वर्षं याच डोळ्यांनी लोकांच्या कवळ्या घासल्या, त्यांनी भरपूर काम दिलं.

निवृत्त झाल्यापासून बारा वर्षं मी काय करतोय ते तुला उडत उडत माहीत आहे. "दंतोबा म्हातारपणी बाहुल्या खेळतोय" असं तू कुणाच्या तरी लग्नात म्हणालीस, ते माझ्यापर्यंत पोचलं. त्या बाहुल्या नाहीत. आजीचे वडील, म्हणजे आपले पणजोबा, परक्या सरकारच्या ज्या पलटणीत होते, ती अख्खी पायदळ पलटण मी अंगठ्याएवढ्या माणसांची करतोय. मेणात माणूस कोरायचा, प्लास्टरचा साचा घ्यायचा, त्यात शिसं-कथील ओतायचं आणि मग रंगवायचं. पद्धत कवळीचीच, फक्त ही चावत नाहीत. एकूण सहाशे चाळीस माणसं. चार राहिली आहेत.

या पलटणीचा छापील इतिहास मला मिळाला होता. त्यात साहेबांची नावं आहेत, साहेबांच्या घोड्यांची आहेत, एका कुत्र्याचंसुद्धा आहे. आपल्या माणसांचे नुसते आकडे. मला ते वाचून असा राग आला की ठरवलं, नाव नाही तर नाही, प्रत्येकाला तोंड तरी द्यायचं. म्हणून एकाचा जबडा दुसऱ्यासारखा नाही. आमच्या कारखान्यात आलेल्या माणसांचे जबडे दिलेत त्यांना. इथल्या वाचनालयानं हॉलमधलं मोठं काचेचं कपाट रिकामं करून ठेवलंय.

आता काम. आजीची पत्र्याची पेटी आत्याकडून तुझ्याकडे आली. तिच्यात पणजोबांचं काही आहे का बघशील? बिल्ला, बटण, कागद, काहीही. पलटण पुरी व्हावी आणि खरी व्हावी, एवढं झालं की डोळे खुशाल जाऊ देत.

आणि एक. तू मला हाताला धरून त्या दंतवैद्याच्या कारखान्यात नेलंस त्याला या महिन्यात बावन्न वर्षं झाली. कधी तोंडानं म्हटलं नाही. तुझे फार उपकार आहेत.

तुझा
दंतोबा


१५ जानेवारी

दंतोबा,

डावा डोळा गेला हे तू मला वर्षानं कळवतोस? कुठली रीत ही? ते वाचलं आणि मशीनवरचा पाय तसाच थांबला. सून धावत आली, तिला वाटलं मलाच काही झालं. माझ्या आईच्या, म्हणजे तुझ्या आत्याच्या घरात, माझ्या मशीनखाली बसून लहानाचा मोठा झालास आणि आता परक्यासारखा वागतोस.

उपकार वगैरे शब्द पुन्हा लिहिलेस तर पाकीट तसंच परत पाठवीन. मी काय केलं? तू परीक्षेत आपटलास, घरात सगळे म्हणायला लागले की याच्या डोक्यात भुसा आहे. मी म्हटलं, डोक्याचं सोडा, हात बघा. माझ्या कापडावर खुणा करायच्या खडूचा तू घोडा कोरला होतास, नखाएवढा, आयाळीसकट. राग आला होता मला, खडू नवा होता. पण तो घोडा मी दंतवैद्याला नेऊन दाखवला आणि त्यानं तुला ठेवून घेतलं. घोड्याचे उपकार मान.

परक्यांच्या पलटणीचं एवढं काय कौतुक, असं मी विचारणार होते. मग ते साहेबाच्या कुत्र्याचं वाचलं आणि तो प्रश्न खोडला. कर तू. चांगलं करतोयस.

पेटी माळ्यावरून काढली. सध्या शाळांच्या गणवेशांचं काम नाही, त्यामुळे हात मोकळे आहेत. वरचे दोन थर बघून झाले, खालचं सावकाश बघते. तोवर मला सांग, तुझ्या शिपायांचे कपडे कुठल्या रंगाचे केलेस? कोट, कॉलर, बाह्यांच्या पट्ट्या, सगळं लिही. आणि रंग कुठून समजला तेही लिही. जन्म शिवणात गेला, म्हणून विचारते.

ताई


२४ जानेवारी

ताई,

कपड्यांचं विचारलंस, बरं वाटलं. इथे लोक विचारतात बंदुका किती.

कोट लाल. ते पुस्तकातच आहे. कॉलर आणि मनगटपट्ट्या काळ्या. पुस्तकात त्याबद्दल अवाक्षर नाही, पण पलटणीचा एक जुना फोटो आहे, त्यात स्पष्ट दिसतं: कोट काळपट आणि कॉलर त्याहून काळी, कोळशासारखी. तो फोटो मी भिंग लावून किती वेळा बघितला असेल देव जाणे. सहाशे चाळीस कॉलरी, बाराशे ऐंशी मनगटपट्ट्या, सगळ्या तीन केसांच्या कुंचल्यानं रंगवल्यात. कडा बघशील तर तुझी शिलाईसुद्धा लाजेल.

फोटोची मोठी प्रत सोबत पाठवतोय. मधोमध पलटण ओळीनं उभी आहे. डाव्या कडेला तंबू, दोन पिंपं, एक बोचकं. ते सगळं मी जसंच्या तसं केलंय, पिंपांच्या लोखंडी पट्ट्यांसकट. बोचकंसुद्धा सोडलं नाही.

पणजोबा झेंड्याच्या उजवीकडे उभे केलेत. आजी म्हणायची ना, "माझे वडील पलटणीत होते, त्यांच्याशिवाय पलटणीचं पान हलत नसे." म्हणजे झेंड्याजवळचेच असणार. चेहरा कुणालाच माहीत नाही, म्हणून आपल्या घराण्याची पुढे आलेली हनुवटी दिली. रुबाबदार दिसतात.

उरलेले चारही काल संपले. सहाशे चाळीस पुरे! ज्याला बावन्न वर्षांपूर्वी कुणी चपराशी म्हणून ठेवला नसता, त्याची पलटण वाचनालयात मांडणार आहेत. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात मांडायची. आता पेटीत काही निघालं तर दुधात साखर.

दंतोबा


१२ फेब्रुवारी

दंतोबा,

पत्राला उशीर झाला. गुडघा दुखत होता.

पेटी पूर्ण बघितली. आजीच्या बांगड्या, एक गंजलेली कात्री, चिंध्या, आणि कुणाचं कुणास ठाऊक असं लग्नाचं आमंत्रण. पणजोबांचं असं काही सापडलं नाही.

तुझा फोटो मिळाला. तू जे केलं आहेस ते फार छान आहे. आहे तसंच वाचनालयात ठेव. डोळ्यांना आता अजिबात ताण देऊ नकोस. गाजर खा.

ताई


१९ फेब्रुवारी

ताई,

तुला बरं नाही का?

सत्तर वर्षांचा झालो, तू मला आजवर कधी "फार छान" म्हणाली नाहीस. माझ्या लग्नात मी शिवून घेतलेला कोट बघून म्हणालीस, "खांदे कुणाचे आहेत?" मी पहिली कवळी केली ती आत्यासाठी, तर तू म्हणालीस, "आई आता घोड्यासारखी हसते." आणि खरंच हसत होती. मी ती फोडून पुन्हा केली, आणि आत्यानं ती मरेपर्यंत वापरली. आणि आता तू मला गाजर खायला सांगतेस!

तू काहीतरी लपवते आहेस. तुला लपवता येत नाही, हे तुझ्या पत्रावरून एका डोळ्याच्या माणसालाही दिसतं.

आमच्या धंद्यात एक प्रकारचं गिऱ्हाईक असतं, फार सभ्य. कवळी टोचत असते, तरी आरशात बघून म्हणतं, वा, छान झाली. घरी जाऊन ती पेल्यात ठेवतं आणि पुन्हा कधी तोंडात घालत नाही. मला त्या लोकांची भीती वाटायची. शिव्या घालणारा परवडला, तो परत तरी येतो.

माझ्या पलटणीला पेल्यात ठेवू नकोस. जे असेल ते लिही. मला आयुष्यात खरं सांगणारं माणूस एकच मिळालं आणि त्याच्यावरच माझं बरं चाललं. ते आता एप्रिलच्या तोंडावर काढून घेऊ नकोस.

तुझा
दंतोबा


२६ फेब्रुवारी

बाळा,

चार कागद फाडले, हा पाचवा. पाणी पिऊन, बसून वाच.

पेटीच्या दुसऱ्याच थरात, आजीच्या कात्रीभोवती गुंडाळलेला, पिवळ्या बनातीचा, म्हणजे जाड लोकरी कापडाचा, एक तुकडा निघाला. हळदीसारखा पिवळाधमक. त्याचा आकार बघताक्षणी ओळखला, उभ्या कॉलरीचा. तो पहिल्याच आठवड्यात सापडला होता, म्हणून मी तुला रंग विचारले. मला वाटलं तूही पिवळ्याच केल्या असशील, आणि तुकडा पाठवून तुला चकित करावं. तुझं "काळ्या" असं उत्तर आलं आणि मी कपाळाला हात लावला.

तरी वाटलं, तुकडा दुसऱ्या कशाचा असेल. म्हणून तुझा फोटो आणि तो तुकडा घेऊन आमच्या कोपऱ्यावरच्या फोटोवाल्याकडे गेले. म्हातारा आहे, वडिलांपासूनचा धंदा. फोटो बघून तो हसला. म्हणाला, "ताई, त्या काळी फोटो काचेवर घेत, आणि त्या काचांना पिवळा रंग दिसतच नसे. निळं पांढरं यायचं आणि पिवळं काळं. एका नवरीचा पिवळा शालू आमच्या वडिलांच्या फोटोत काळा आला, तिच्या सासऱ्यानं दुकानात येऊन गोंधळ घातला होता." म्हणजे जेवढी काळी कॉलर, तेवढी ती पिवळी, आणि मनगटपट्ट्याही तशाच. तुझा दोष नाही. तू जे दिसलं ते प्रामाणिकपणे केलंस, काचेलाच दिसत नव्हतं.

हे तुला कसं सांगू? सहाशे चाळीस माणसं, तीन केसांचा कुंचला, एक डोळा, तोही जायच्या वाटेवर. मी ठरवलं, नाही सांगायचं. कोण बघायला जातंय? आणि मग तू तो पेल्यातल्या कवळीचा कागद पाठवलास.

आता खोटं सुटलंच आहे तर सगळंच सांगते. त्या तुकड्याला एकही टाक्याचं भोक नाही. मी उजेडात धरून, सुईच्या टोकानं धागा धागा चाळून बघितलं. तो कधी शिवलेलाच नाही. कडेला खडूची रेघ आहे, आणि रेघ कात्रीनं जरा चुकवली आहे. म्हणजे बेतताना बिघडलेली कॉलर ती, बाजूला टाकलेली. ती कोटावरून उसवलेली नाही. सांग, शिपायाच्या घरात अशी कॉलर कुठून येईल? ती येते बेतणाऱ्याच्या घरात. आणि कात्री आजीची नाहीच, तिच्या पंजात बसणार नाही एवढी मोठी आहे. आजीला शिवण शिकवलं कुणी, आईला कुणी, मला कुणी, याचा आपण कधी विचार केला नाही.

पणजोबा झेंड्याजवळ नव्हते रे. पणजोबा पलटणीचे शिंपी होते.

आणि आता तुझं बोचकं. भिंग घे आणि फोटोच्या डाव्या कडेला तंबूजवळ बघ. बोचक्याला गुडघा असतो का? एक गुडघा वर, एक पाय आडवा, मान खाली, मांडीवर कापड. जमिनीवर बसून हातशिलाई करणारा माणूस असाच बसतो, माझी आई तशीच बसायची. सगळी पलटण श्वास रोखून उभी होती म्हणून स्वच्छ आली. हा एकटा काम करत राहिला, म्हणून त्याचे हात पुसट आलेत.

काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय! बारा वर्षं शोधलेस आणि पणजोबांना बोचकं करून ठेवलंस.

रागाव माझ्यावर. पण जेव.

ताई


६ मार्च

ताई,

दोन दिवस मेजाकडे गेलो नाही. मनातल्या मनात तुझ्याशी भांडलो, फोटोवाल्याशी भांडलो, त्या काचेशी भांडलो. आपलेच दात आणि आपलेच ओठ, सांगणार कुणाला? तिसऱ्या दिवशी भिंग घेऊन बसलो. डाग बाजूला सारून, डोळा तिरका करून बघितलं. गुडघा आहे. मान आहे. आणि मला इतकं हसू आलं की शेजारच्यांनी दार वाजवलं. बोचक्याला मी गाठसुद्धा मारली होती, ताई! पणजोबांच्या डोक्यावर गाठ!

"त्यांच्याशिवाय पलटणीचं पान हलत नसे." आजी खोटं बोलली नव्हती. बटण तुटलेला शिपाई उभा राहतो का साहेबापुढे?

रागावलो नाही. तू लिहिलंस म्हणून मी ऋणी आहे, आणि हा शब्द परत पाठवलास तरी चालेल. चुकीची पलटण कपाटात गेली असती, लोक वा वा म्हणाले असते, आणि मी आंधळा होऊन त्यावर खूश राहिलो असतो. ते फार वाईट झालं असतं.

पण ताई, आता खरं मीही लिहितो. काळ्यावर पिवळा बसत नाही, शेवाळासारखा हिरवा दिसतो. आधी पांढरा द्यावा लागतो, मग पिवळा. म्हणजे प्रत्येक माणूस दोनदा. काल दिवसभर बसून अकरा माणसांच्या कॉलरी आणि मनगटपट्ट्या केल्या. सातव्याची हनुवटी पिवळी झाली, कावीळ झाल्यासारखा दिसतो. नवव्याचा कान गेला. संध्याकाळी डोळ्यातून पाणी यायला लागलं तेव्हा कुंचला धुऊन ठेवला. या हिशेबानं मला एप्रिल नाही, पुढचं वर्ष लागेल, आणि ते माझ्याकडे नाही.

मग असं ठरवलंय. जी काही नजर उरली आहे ती पणजोबांवर खर्च करायची. बोचकं काढून त्या जागी शिंपी बसवायचा. आणि कपाटावर चिठ्ठी लावायची: कॉलरी आणि मनगटपट्ट्या पिवळ्या हव्या होत्या, करणाऱ्याच्या हातून राहून गेल्या. हसतील त्यांचे दात दिसतील, आणि दातांची मला सवय आहे.

वाईट वाटतंय. तुझ्यापासून काय लपवायचं.

दंतोबा


१० मार्च

दंतोबा,

चिठ्ठी वगैरे काही लावायची नाही. दरवर्षी शाळा उघडायच्या आधी मी नऊशे कॉलरी लावते. तुझ्या सहाशे चाळीस काय घेऊन बसलास! मोतीबिंदू काढल्यापासून मला मुंगीचे पाय दिसतात.

सोमवारच्या गाडीनं येते. सून दुकान बघेल. माझी खुर्ची मीच आणतेय, तुझ्याकडच्या खुर्च्या मला माहीत आहेत. पांढरा रंग जास्तीचा आणून ठेव. झेंड्याजवळच्या त्या हनुवटीवाल्याला हलवू नकोस, तोही कुणाचातरी पणजोबा असेलच.

ताई


२८ एप्रिल

ताई,

तू गेल्यावर घर एकदम मोठं झालं. पान मोजून पाच ओळींचं झालंय, तेव्हा पाकीट जाड दिसलं तरी मजकूर थोडाच आहे. परवापासून उजव्यातलंही समोरचं गेलं. कडेचं तेवढं दिसतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, एवढं राहील. राहू दे. फोटोतसुद्धा कामाचं जे होतं ते कडेलाच होतं.

तू पाच आठवडे राहिलीस. पहिल्या दिवशी मी एक माणूस घेऊन तो पुरा करायला बसलो, तर तू माझ्या हातातून काढून घेतलास. "असा एकेक सदरा शिवत बसले असते तर पोरं उघडीच शाळेत गेली असती. आधी सगळ्यांचं पांढरं, मग सगळ्यांचं पिवळं." बारा वर्षांत हे मला सुचलं नाही. मग लाकडी पट्टीला खाचा पाडून चाळीस चाळीस माणसं ओळीनं अडकवलीस आणि त्यांच्यावर ओरडत बसलीस, "मान वर! हलायचं नाही! तुझी आई कुठे आहे?" साहेबानंही त्या पलटणीला एवढं दटावलं नसेल. कावीळवाल्याला तू बरा केलास. कान गेलेल्याला तसाच ठेवलास, म्हणालीस, लढाईत जातात कान.

आणि मेजाच्या दुसऱ्या टोकाला मी पणजोबा कोरत होतो. डोळ्यांनी नाही, बोटांनीच. कवळीत केसाएवढी चूक असली तर ती डोळ्याला दिसत नाही, बोटाला लागते, हे चाळीस वर्षं रोज लोकांना सांगायचो. आता माझ्यावरच वेळ आली, आणि खरं निघालं. चेहरा बघायला तू तीनदा वाकलीस आणि तीनदा मी हात आडवा धरला. वाचनालयात ठेवल्यावर बघ म्हणालो, तर तुला गाडी गाठायची होती. सुनेचा निरोप, गणवेशांचं काम आलं. तेही माझ्यामुळेच तुंबलं होतं, मला कळत नाही का?

मांडणी झाली. कपाट मोठं आहे, दिवे चांगले आहेत म्हणे. मला लाल धूसर दिसतं आणि त्यात एक पिवळी ओळ, या टोकापासून त्या टोकापर्यंत. तेवढी दिसते, ताई. काळी असती तर तीही दिसली नसती मला. तंबूजवळ शिंपी बसलाय, मांडीवर तुझ्या तुकड्यातून कातरलेली कणभर बनात. खाली चिठ्ठी आहे, वाचनालयाच्या बाईंनी माझ्या सांगण्यावरून लिहिली: "पलटणीचे शिंपी. पलटणीचा फोटो घेताना काम थांबवलं नाही असे एकमेव." दर गुरुवारी बाई कपाट उघडणार आहेत, धूळ पुसायला मला बोलावणार आहेत. मांडताना मी सहाशे एक्केचाळीस माणसं बोटांनी मोजली. सगळ्यांचे जबडे ओळखीचे लागले.

त्याच साच्यातून दुसरा शिंपी काढला तो तुला पाठवतोय. रंगवलेला नाही, मला आता जमत नाही. चेहरा कसा झालाय ते तूच सांग, मी तो बघितलेला नाही. आणि यावेळी "फार छान" म्हणू नकोस.

परीक्षेत आपटलेल्या पोराचे हात बघणारी तू एकटी होतीस. डोळे गेलेल्या म्हाताऱ्याचे हातही तूच बघितलेस. याला उपकार म्हणत नसतील तर दुसरा शब्द कळव.

तुझा
दंतोबा


९ मे

दंतोबा,

पार्सल पोचलं. दुकानात उभं राहायला जागा नाही, अंगणापर्यंत मापाची पोरं आहेत, तरी दार लावून घेतलं आणि आधी तेच उघडलं.

शिंपी हातात घेतला. भिंग लावलं. गुडघा बरोबर. पाठीचा बाक बरोबर. उजवा हात वर, चिमटीत सुई, तीही सापडली. मग चेहरा बघितला. हनुवटी आपली आहेच. पण त्याची जीभ का बाहेर आहे? उजव्या कोपऱ्यातून, एवढीशी, दाताखाली धरलेली. मला वाटलं, तुझी बोटं चुकली, मेणाचा गोळा राहून गेला. आता याला हे कसं सांगावं, असं पुन्हा माझ्या मनात आलंच.

सुनेला बोलावून दाखवलं. म्हटलं, बघ गं, ही चूक आहे का? तिनं बघितलं आणि तोंडाला पदर लावून हसायला लागली. म्हणाली, "आई, सुई ओवताना तुम्ही अश्शीच जीभ काढता. तुम्हाला माहीत नव्हतं?"

मला माहीत नव्हतं. शहात्तर वर्षांत मला कुणी सांगितलं नाही. आरशात बघून कोण सुई ओवतं? आणि तू ते कधी बघितलंस? पाच आठवडे माझ्यासमोर होतास तेव्हा तर तुला माझं नाकही दिसत नव्हतं. म्हणजे तेव्हाचं. मशीनखाली बसून खालून वर बघायचास तेव्हाचं. एवढी वर्षं ते तू बोटांत ठेवलंस.

मग मी रडले. अंगणातली पोरं खोळंबली, खोळंबू देत. पणजोबांचा चेहरा कुणालाच माहीत नाही, पुस्तकात त्यांचं नाव नाही, आणि तू त्यांना माझं तोंड दिलंस. ते वाचनालयात पलटणीबरोबर बसलंय.

तू म्हणालास, दुसरा शब्द कळव. दुसरा नाही. तोच ठेव. मी तो परत पाठवीन म्हटलं होतं, नाही पाठवत. आणि माझ्याकडूनही तोच घे.

चेहरा चांगला झालाय. जीभ जरा जास्त बाहेर आहे.

ताई